पलंगापासून पाण्यापर्यंत

शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी पावणेसहा. इंदिरानगर, नाशिक.

हजर: मी सुनंदा, वय त्रेपन्न, एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक. माझे मिस्टर सुधाकर, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, गाडी चालवायला. आणि डिकीत घडी करून ठेवलेली एक रिकामी चाकाची खुर्ची.

गैरहजर: आमच्या पहाटफेरी गटातल्या बाकीच्या दहा जणी, ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता. त्यांतल्याच एक वत्सलाताई, ज्यांची ती खुर्ची.

आदल्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्रिरश्मी लेण्यांवर जाऊन आलो होतो. पांढऱ्या साड्या अजून दोरीवरच होत्या. त्या काढून घडी करणं हे यादीतलं पहिलं काम. ते झालं, खूण केली, गॅस बंद, खूण केली, आणि गाडीत बसले. सुधाकरांनी यादीकडे बघून विचारलं, श्वास घ्यायचा कुठल्या क्रमांकावर आहे. मी त्यांना सीटबेल्ट लावायला सांगितलं.

या प्रवासाचं कारण सांगायला हवं. आमचा गट दरवर्षी दिवाळीच्या पुढे-मागे दोन दिवस बाहेर जातो, आणि राहायची जागा ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी मी एका डोंगरावरचं रिसॉर्ट ठरवलं. फोटो बघितले, जेवणाची चौकशी केली, अंघोळीला गरम पाणी आहे का ते तीनदा विचारलं. खोलीला चौदा पायऱ्या आहेत, हे मात्र विचारलं नाही. वत्सलाताई खो-खो शिकवायच्या, तीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पाय गेले. हातांत मात्र अजून तीच ताकद आहे. सकाळी ट्रॅकवर खुर्चीची चाकं स्वतः फिरवत त्या आम्हाला मागे टाकतात आणि वर घड्याळ बघतात. त्या चौदा पायऱ्या त्यांना चार वेटरांनी खुर्चीसकट उचलून नेलं. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा. कुणीतरी फोटो काढून गटावर टाकला.

त्यानंतर वत्सलाताई आमच्याबरोबर कुठेही आल्या नाहीत. यंदा कोकणात समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "पलंगापासून पाण्यापर्यंत माझी मी जाणार असेन, तर येते. कुणी हात लावणार असेल, तर तुम्ही जाऊन या. मी रागावणार नाही." मग गॅलरीतली जुनी खुर्ची दाखवून म्हणाल्या, "ही घेऊन जा. उगाच अंदाजाने सांगू नकोस."

म्हणून ही आधीची फेरी. सहा जागा, तीन दिवस, एक खुर्ची, एक मोजपट्टी. वहीत मी पेन्सिलीने खूण केली की जागा विचारात, पेनने केली की पक्की.

कसारा घाटात धुकं होतं आणि पुढे लासलगावच्या कांद्याचे ट्रक, एकामागे एक. सुधाकर प्रत्येक ट्रकच्या मागे त्याच्या ब्रेकबद्दल काहीतरी पुटपुटत होते. घाट उतरल्यावर हवा बदलली. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते, भातशेतं पिवळी पडायला लागली होती आणि काही ठिकाणी कापणी चालू होती. आमच्याकडे या दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटण्या चालतात, सगळ्या बागा काटक्यांसारख्या उघड्या दिसतात. इथे मात्र सगळं भरलेलं. मी खिडकीची काच खाली केली. प्रवासाचा आनंद मला यादी संपल्यावर होतो असं घरचे म्हणतात. त्या दिवशी पेणच्या आधीच झाला.

दुपारी साडेबाराला मुरूडच्या अलीकडे पहिली जागा. मोठं हॉटेल, समोर समुद्र. आत जाण्यापूर्वी मी खुर्ची उघडली आणि सुधाकरांना बसवलं. रिकाम्या खुर्चीला वजन नसतं, त्यामुळे चाचणी खरी होत नाही. ते पंच्याऐंशी किलोचे आहेत. मॅनेजर धावत आला, त्याने दार धरलं, पाणी मागवलं, आणि हळू आवाजात मला विचारलं, साहेबांना किती दिवसांपासून आहे. मी उत्तर देण्याआधी सुधाकर खुर्चीतून उठले, तरातरा चालत बाथरूमकडे गेले, मोजपट्टी लावली आणि आतून ओरडले, "चोवीस इंच. बसत नाही." मॅनेजरचा चेहरा मला अजून आठवतो. खुर्ची सव्वीस इंचांची आहे. शिवाय हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये रस्ता, रस्त्यापलीकडे कमरेएवढा कठडा. तिथे समुद्र फक्त बघायचा होता. फुली.

दुसरी जागा दुसऱ्या मजल्यावर निघाली, फोनवर "खालचीच" म्हणाले होते. फुली. तिसऱ्या जागेचं बाथरूम उत्तम होतं, पण अंगणात खडी. रात्री तिथेच राहिलो, कारण सुधाकरांनी पुढे जायला साफ नकार दिला. जेवायला मांदेली आणि तांदळाची भाकरी. सोलकढी ते तीन वाट्या प्यायले आणि घरच्या काळ्या मसाल्याचा विषय परगावी जेवताना पहिल्यांदाच निघाला नाही.

शनिवारी सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवली. बोटीवर गाडी उलटी घ्यावी लागते. खाली पाणी, मागे एक माणूस "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतोय, आणि माझे मिस्टर, ज्यांनी आयुष्यभर मशीनवर केसाएवढी मापं धरली, त्यांच्या कपाळावर घाम. बोट सुटल्यावर आम्ही दोघं कठड्याशी उभं राहिलो. पलीकडचा डोंगर हळूहळू जवळ येत होता, मला कारण नसताना हसू येत होतं.

दिवेआगरला पुळण (समुद्रकाठची वाळू) पांढरी, सुरूची झाडं सुंदर. जागा क्रमांक चार आणि पाच. दोन्हीकडे दारं रुंद, पायरी नाही. पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि सुधाकरांना ढकलत समुद्राकडे निघाले. पाच पावलांवर चाकं रुतली. मी जोर लावला, पुढची छोटी चाकं आणखी आत गेली आणि सुधाकर अलगद तोंडावर वाळूत. शहाळं विकणाऱ्या बाईने कोयता खाली ठेवून त्यांना हात दिला आणि मला सुनावलं, आजारी माणसाला असं आणू नये. दोन्ही खुणा खोडल्या.

बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट, बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात उतरलो. दीड वाजता जागा क्रमांक सहाला पोचलो. खाडीपलीकडचं छोटं गाव, नारळीच्या वाडीत एक कौलारू घर, चार खोल्या. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी नंबर दिला होता. मालकीणबाईंचं नाव मालती. पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, बोलायला मोकळ्या. नवरा होडीवर असतो, घर त्या चालवतात. मी मनुकांची पिशवी दिली, त्यांनी लगेच दोन तोंडात टाकल्या आणि पान वाढायला घेतलं.

जेवणाआधी मी मोजपट्टी काढली. बाथरूमचं दार तीस इंच. कमोड आहे. खोलीपुढे पडवी, पडवीला एकच पायरी, तिला फळी लावता येईल. पडवीपासून वाडीतून जांभ्याची (लाल दगडाची) पाखाडी, म्हणजे फरसबंद पायवाट, थेट किनाऱ्यावरच्या सुरूपर्यंत. मी दाराचं माप पुन्हा एकदा घेतलं.

तीन वाजता समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांखाली कोरड्या वाळूचा एक पट्टा होता, वीसेक पावलांचा. तो आम्ही खुर्ची दोन बाजूंनी उचलून ओलांडला. पलीकडे जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्र लांब आत गेलेला आणि मधली ओली पुळण सपाट, कडक, आरशासारखी चकाकणारी. सुधाकर बसले आणि मी ढकललं. खुर्ची पळायला लागली. खरंच पळायला लागली. मी त्रेपन्न वर्षांची बाई पदर खोचून मागे धावत होते आणि सुधाकर हात वर करून ओरडत होते. पाण्याशी पोचल्यावर मी मागे वळून व्हिडिओ काढला: चाकांच्या दोन सरळ रेघा, सुरूपासून लाटेपर्यंत. तो वत्सलाताईंना पाठवला. मग वही काढली आणि पेनने खूण केली.

दहा मिनिटांत फोन आला. मला वाटलं त्या तारीख विचारतील. त्यांनी विचारलं, "सुनंदा, चाकांच्या मागे पावलं कुणाची आहेत?"

मी पुन्हा व्हिडिओ बघितला. दोन रेघांच्या बरोबर मधे माझी पावलं होती, खोल, टाचांसकट. जोर लावून ढकलल्याची.

मी म्हटलं, मी होते.

त्या म्हणाल्या, "तेच." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, जेवण कसं आहे ते विचारून फोन ठेवला.

पेनची खूण खोडता येत नाही. कोरडा पट्टा उचलून ओलांडला होता, हेही आता आठवलं. वर्षभर मनात धरलेल्या त्या चौदा पायऱ्या, आणि मी पुन्हा तेच केलं होतं, फक्त टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सुधाकर म्हणाले, आधी चहा घेऊ. खुर्ची तिथेच, पाण्यापासून चांगली पन्नास पावलं वर, कोरडी होत असलेल्या वाळूवर ठेवली आणि आम्ही घरी गेलो.

आता नाशिकच्या माणसाला पाणी कसं कळतं ते सांगते. आमच्याकडे गोदावरीला, आम्ही तिला गंगाच म्हणतो, पाणी वाढतं ते पावसात, गंगापूर धरणातून सोडल्यावर. त्याची आधी बातमी येते. मग गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला आहे की कमरेला ते बघायचं आणि गाड्या हलवायच्या. आकाश निरभ्र असताना, कुणी काही न सोडता, पाणी आपणहून वर चढून येतं हे आम्हाला माहीत असतं, पुस्तकात वाचलेलं असतं. पण खुर्ची ठेवताना ते आठवत नाही.

सहा वाजता सूर्यास्त बघायला म्हणून निघालो, तर समोरून मालतीताई येत होत्या. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, कमरेपर्यंत भिजलेल्या, आणि काखेत खुर्ची. तिच्यातून पाणी गळत होतं. त्यांच्या मागे मघाची ती सगळी आरशासारखी जागा समुद्राखाली गेली होती. लाटा सुरूच्या दिशेने येतच होत्या.

मी म्हटलं, पाऊस तर नाही कुठे, धरणाचं पाणी सोडल्याची बातमीही नाही.

मालतीताई हसायला लागल्या. खुर्ची खाली ठेवून हसल्या. "ताई, ही तुमची गंगा नाय ओ. हिला धरण नाय." मग पदर पिळत त्यांनी विचारलं, "आज काय आहे?"

"शनिवार," मी म्हटलं.

"वार नको. तिथी."

आमच्या घरात तिथी नसते. कॅलेंडर असतं, त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख. मी तसं सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "काल एकादशी. आज बारस. बाराची पाऊणपट किती?"

"नऊ."

"नऊला पुरी भरती. सहा तास मागे या. तीनला पुरी ओहोटी. तुम्ही बरोब्बर ओहोटीला धावत होता. रोज पाऊण तास पुढे सरकतं. पुनवेनंतर, अवसेनंतर परत एकपासून मोजायचं."

मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसून वही उघडली. इतकं सोपं, इतकं नेमकं सूत्र मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी रकाने पाडले: तिथी, भरती, ओहोटी. आमची तारीख ठरली होती दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी. मालतीताईंच्या भिंतीवरचं पंचांग उतरवून बघितलं तर त्या दिवशी अकरावी तिथी. ओहोटी दुपारी सव्वादोनला, वाळू तव्यासारखी तापलेली असताना. एक आठवडा पुढे, पौर्णिमा होऊन तिसरी तिथी. ओहोटी सकाळी सव्वाआठला. रविवारी नऊला. कोवळं ऊन, कडक वाळू. मी सुधाकरांना हे तीनदा समजावून सांगितलं. ते खुर्चीवर गोडं पाणी ओतत होते, म्हणाले, पहिल्याच वेळी कळलं होतं.

पण कोरडा पट्टा होताच, आणि चाकं फिरवणारे हातही वत्सलाताईंचे हवे होते. रविवारी सकाळी सातला परत निघायचं, हे यादीत होतं. पण उद्याच्या तेराव्या तिथीची ओहोटी दुपारी पावणेचारला. मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून सोमवारची रजा मागितली. त्यांना वाटलं घरी कुणाला बरं नाही. मी म्हटलं, नाही, ओहोटी बघायची आहे. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

रविवारी दुपारी तीनला मी स्वतः खुर्चीत बसले. पाय एका ओढणीने बांधून घेतले, मदत होऊ नये म्हणून. सुधाकरांनी ओढणीची गाठ ओढून तपासली. पडवीच्या पायरीला मालतीताईंनी होडीची जुनी फळी लावली होती. ती उतरले. पाखाडी खडबडीत, पण गेले. सुरूखाली पोचले आणि कोरड्या वाळूत दीड हातावर अडकले. चाकं जागच्या जागी फिरत होती. तळहात सोलवटले. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की अशा वेळी आजूबाजूचे सगळे किती उंच दिसतात. सुधाकर पुढे सरकले. मी त्यांना थांबा म्हटलं, थोडं जोरातच.

मालतीताई वाडीत गेल्या आणि डोक्यावर झापांचा (नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या चटयांचा) गठ्ठा घेऊन आल्या. पाऊस संपला की कुंपणाला आणि लाकडांवर घालायला त्या विणून ठेवतात. एकावर एक असे दोन थर त्यांनी माझ्या चाकांपुढे टाकले, कडा एकमेकींवर चढवून, कौलं घालतात तशा. मागचे उचलून पुढे, मागचे उचलून पुढे. मी चाकाला हात घातला. करकर आवाज आला आणि खुर्ची हलली. वीस पावलांना मला दहा मिनिटं लागली. शेवटच्या झापावरून चाकं कडक वाळूवर उतरली तेव्हा धक्का बसला आणि मग काहीच नाही, नुसती गती.

मी सुधाकरांना ओरडून सांगितलं, माझ्या मागून येऊ नका, लांबून चाला. मी एकटी पाण्यापर्यंत गेले. पहिली लाट पुढच्या चाकांवर आली, दुसरी बांधलेल्या पायांवर. पाणी कोमट होतं. हे मी लिहून ठेवलं नाही, तरी लक्षात आहे.

या खेपेचा व्हिडिओ सुधाकरांनी काढला, बाजूने, फिटरच्या काळजीने. सुरूपासून लाटेपर्यंत चाकांच्या दोन रेघा. एक जरा वाकडी, कारण माझा डावा हात कमजोर आहे. मधे काहीच नाही. पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

मालतीताईंनी निघताना सांगितलं, आणखी तीस झाप विणून ठेवते, पण नक्की ते कळवा. मी म्हटलं, कळवते.

सोमवारी परतीच्या वाटेवर मी फोन दर पाच मिनिटांनी बघत होते. गटातल्या आठ जणींनी नवी तारीख मान्य केली, एकीने आधी नवऱ्याला विचारते म्हणून मग मान्य केली. वत्सलाताईंचं काही नाही. कसाऱ्याच्या चढावर पुन्हा धुकं लागलं, आणि मला वाटायला लागलं की मी पुन्हा काहीतरी विचारायचं विसरले आहे.

संध्याकाळी सहाला, घरी न जाता, खुर्ची घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. वत्सलाताईंनी आधी माझे तळहात बघितले. मग जुनी खुर्ची समोर ओढून डावं चाक फिरवलं. कर्रर्र आवाज आला. बेअरिंगमध्ये वाळू गेली होती. पाण्यात गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगून टाकलं, मारुतीच्या गुडघ्यासकट. आणि म्हटलं, सुधाकर उद्याच खोलून साफ करून देतील.

त्यांनी चाक पुन्हा एकदा फिरवलं, कान देऊन.

"आत्ता कशाला?" त्या म्हणाल्या. "महिन्याभराने परत वाळूतच घालायचीय ना. आल्यावर करू एकदम. आणि तो डावा हात सुधार, रेघ वाकडी आलीय."

मी खाली येऊन गाडीत बसले आणि मालतीताईंना कळवलं. मग वही काढली. पंचेचाळीस कामांपैकी चव्वेचाळिसांवर पेनने खूण झाली. एक राहिलं आहे: डाव्या चाकातली वाळू काढणे.